ऑनलाइन शिक्षण : हत्यार कोणाचे?

व्याख्यानमालेच्या चालकांनी ऑनलाइन शिक्षणाच्या वाढीवर बोलण्यास सांगितले, तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला होता. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते गोदामात, युनियनच्या कचेरीत आणि वाचनालयाच्या बाकावर. हा विषय प्राध्यापकांनी मांडावा, असे आमचे म्हणणे होते. त्यावर चालकांपैकी एकजण म्हणाले, “शिकविणारे आपली बाजू मांडतीलच. हे शिक्षण ज्यांच्या घरी जाऊन पोहोचते, किंवा पोहोचत नाही, त्यांची बाजू तुम्ही मांडा.” हे आम्हांस पटले. तेव्हा आज जे सांगणार आहोत ते कामगार चळवळीत तीस वर्षे घालविलेल्या माणसाच्या नजरेतून आहे, हे श्रोत्यांनी ध्यानात ठेवावे.

प्रथम ही वस्तू काय आहे ते नीट समजून घेऊ. ऑनलाइन शिक्षण या एका नावाखाली निरनिराळ्या गोष्टी एकत्र बांधल्या जातात. एक म्हणजे जिवंत वर्ग. मास्तर एका गावी, मुले चाळीस घरी, आणि सर्वजण एकाच वेळी पडद्यासमोर. येथे मुलगा शंका विचारू शकतो, मास्तर त्याला दटावूही शकतात. दुसरी म्हणजे अगोदर ध्वनिचित्रित करून ठेवलेला पाठ. तो रात्री बारा वाजता पाहा, तीनदा पाहा. परंतु शंका विचाराल तर उत्तर मिळणार नाही. आणि तिसरी, जी पुष्कळांच्या घरी आहे पण लक्षात येत नाही : बालभारतीच्या पुस्तकातला तो काळा-पांढरा चौकोन, ज्याला क्यूआर कोड म्हणतात. मोबाइल त्यावर धरला की ‘दीक्षा’ या सरकारी मंचावरचा पाठ उघडतो. हा मंच २०१७ साली सुरू झाला. पुस्तकात असा कोड घालण्याचा खटाटोप ज्यांनी आपल्या शाळेत आधी करून पाहिला, ते रणजितसिंह डिसले गुरुजी सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे तेव्हाचे शिक्षक. २०२० च्या डिसेंबरात त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि बक्षिसाची अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर शिक्षकांना वाटून टाकली. आम्हां युनियनवाल्यांना हे वाटून टाकणे त्या कोडापेक्षाही अधिक भावले, हे जाता जाता सांगतो.

महाविद्यालयात हाच प्रकार ‘स्वयं’ या नावाने आला, तोही २०१७ सालीच. देशातल्या नामांकित संस्थांचे अभ्यासक्रम तेथे फुकट पाहता येतात. परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवे असेल तर शुल्क पडते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ च्या नियमांत एका सत्राच्या वीस टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम अशा रीतीने पुरे करण्यास मुभा दिली होती. २०२१ मध्ये ती मर्यादा चाळीस टक्क्यांवर नेली. हा आकडा श्रोत्यांनी मनात धरून ठेवावा. त्याकडे पुढे परत यावयाचे आहे.

आता कोणी म्हणेल, हे सारे करोनाने आणले. तसे नाही. दुरून शिकविण्याची धडपड आपल्या देशात जुनी आहे. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर अमेरिकेच्या एका उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम दाखविण्यात आले. सकाळी शाळेच्या मुलांसाठी, संध्याकाळी शेतकऱ्यांसाठी. महाराष्ट्र त्यात नव्हता. शेजारचा कर्नाटक होता. १९८५ साली दिल्लीला इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ निघाले आणि १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ. ज्यांची दहावी-बारावी हुकली, अशांनाही पूर्वतयारीचा अभ्यास करून पदवीकडे जाण्याची वाट या विद्यापीठाने उघडली. आमच्या ओळखीचे कित्येक हमाल, कंडक्टर आणि यंत्रचालक याच वाटेने पदवीधर झाले. तेव्हा दुरून शिकणे ही गोष्ट आम्हांस मुळीच वाईट वाटत नाही. आम्ही स्वतः दुसरे काय केले?

परंतु १९७५ च्या त्या प्रयोगातील एक बारकावा पाहा. खेड्यातला तो दूरचित्रवाणी संच कोणाच्या घरचा नव्हता. तो सरकारने दिला होता, शाळेत किंवा अशाच सार्वजनिक जागी ठेवला होता, आणि त्याच्यापुढे सारे गाव बसत असे. हत्यार सार्वजनिक होते. २०२० साली नेमके हेच उलटे झाले.

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रातील शाळा बंद झाल्या. ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ अशी घोषणा निघाली आणि शिक्षण विभागाने मोबाइलवरून अभ्यासमाला पाठविण्यास सुरुवात केली. जुलै २०२० मध्ये सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका आली. ती चांगली होती असे आमचे मत आहे. तिच्यासाठी रिचार्ज लागत नव्हता. पण नित्याचा अभ्यास चालला तो मोबाइलवर. नोव्हेंबर २०२० मध्ये नववी ते बारावीचे वर्ग सुरू झाले, जानेवारी २०२१ मध्ये पाचवी ते आठवीचे. मग दुसरी लाट आली आणि सारे पुन्हा बंद. पहिली ते चौथीच्या चिमुकल्यांना सरकारने शाळेत बोलाविले ते डिसेंबर २०२१ मध्ये. म्हणजे २०२० साली जे मूल पहिलीत गेले, त्यापैकी पुष्कळांनी शाळेचा वर्ग प्रथम पाहिला तो दुसरीत.

या काळात आमच्या माहितीच्या घरांत काय चालले होते? नगरच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर काम करणारा कामगार घ्या. दोन खोल्या, तीन मुले, एक मोबाइल. दुसरी पाळी असली की बापाला दुपारी तीनला कारखान्यात हजर व्हावे लागते, आणि मोबाइल त्याच्याबरोबर जातो; कारण उद्या काम आहे की नाही हे कंत्राटदार त्यावरच कळवितो. मोठ्या मुलीचा गणिताचा तास दुपारी चारचा. तेव्हा तिने गणित कधी करावयाचे? पहिली पाळी असली तर धाकट्याचा सकाळचा तास बुडावयाचा. आई विड्या वळत बसलेली असते. विड्यांच्या हजारावर मजुरी असल्याने तिला पोरांच्या शेजारी बसून पडदा पाहणे परवडत नाही. आमच्या युनियनच्या कचेरीत त्या वर्षी आम्ही वायफाय घेतले आणि अंतर ठेवून एका वेळी सहा मुलांना बसू दिले. सभासदांपैकी काहींनी कुरकुर केली, की वर्गणीतून हा खर्च का? कुरकुर रास्त होती. उत्तर आमच्यापाशी नव्हते.

कामगाराच्या भाषेत हा प्रश्न असा मांडता येईल. कारखान्यात लेथ मालकाचा असतो. उद्या मालक म्हणाला, ‘कामावर या, पण येताना आपापला लेथ घेऊन या, आणि त्याची वीजही तुम्हीच भरा,’ तर आपण गेटवर सभा घेऊ. शाळेच्या बाबतीत हे बिनबोभाट झाले. इमारत, फळा, बाक, दिवा, शिक्षकाचे लक्ष ही सारी शिक्षणाची हत्यारे आजवर शाळा पुरवीत होती. ती एका रात्रीत पालकाच्या खिशातून यावी असे ठरले, आणि ठरले हे कोणी बोललेही नाही. तासाभराच्या चित्रपाठाला साधारण अर्धा जीबी डेटा लागतो असे धरले, तर तीन मुलांच्या तीन-तीन तासांना दिवसाचा दीड-दोन जीबीचा ठरीव कोटा कसा पुरावा? जुलै २०२४ मध्ये तिन्ही मोठ्या खाजगी कंपन्यांनी रिचार्जचे दर वाढविले. भाडेवाढ झाली की आपण मोर्चा काढतो. ही वाढ मात्र निमूट भरली.

कायद्यात याविषयी काहीच नाही असे नव्हे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या तिसऱ्या कलमात म्हटले आहे, की ज्या शुल्कामुळे किंवा खर्चामुळे मुलाला प्राथमिक शिक्षण पुरे करण्यास अडथळा येईल, असा कोणताही खर्च त्याच्यावर लादता येणार नाही. याच आधारावर दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये असा निर्णय दिला, की खाजगी शाळांनी आपल्याकडील गरीब घरच्या मुलांना उपकरण आणि इंटरनेट पुरवावे आणि सरकारने तो खर्च शाळांना भरून द्यावा. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिली. त्याही अगोदर, २०१९ साली, केरळ उच्च न्यायालयाने एका विद्यार्थिनीच्या दाव्यात सांगितले होते, की इंटरनेट मिळणे हा शिक्षणाच्या हक्काचा भाग आहे. तिच्या वसतिगृहाने ठराविक वेळी मोबाइल वापरण्यास बंदी केली होती. तिने ती मानली नाही म्हणून तिला बाहेर काढले होते. मुलगी महाविद्यालयात शिकणारी, आणि भांडली ती अशी. आम्हांस तिचे कौतुक वाटते.

नुकसान किती झाले हे मोजण्यासाठी ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ पाहणीचे आकडे उपयोगी आहेत. ही पाहणी खेड्यांतील घरांची असते. शाळेत जाणाऱ्या ज्या मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, त्यांचे प्रमाण देशात २०१८ साली ३६.५ टक्के होते. २०२१ साली ते ६७.६ टक्के झाले. तीन वर्षांत जवळजवळ दुप्पट! गरीब माणसाने उधारी करून, दागिना गहाण टाकून हे हत्यार विकत घेतले. तरी घरी फोन असलेल्या मुलांपैकी सुमारे चौथ्या हिश्श्याच्या हाती तो अभ्यासाला येतच नव्हता. आणि फळ काय? तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी २०१८ साली २७.३ टक्के होती, ती २०२२ साली २०.५ टक्क्यांवर आली. यांतील सगळा दोष मोबाइलच्या माथी मारणे बरोबर नाही. घरात आजार, बेकारी आणि मरणे होती. परंतु फोन दुप्पट झाले आणि वाचणारी मुले कमी झाली, या दोन गोष्टी एकाच काळात घडल्या, एवढे नाकारता येणार नाही.

आता हिवरे बाजारकडे वळू. नगरकरांना या गावाची ओळख करून देण्याची गरज नाही. पाहुण्यांना घेऊन आपण सारेच तेथे एकदा तरी गेलो असू. तेथील झाडी, बंधारे आणि डोंगरावरचे चर पाहून परततो. आम्ही त्या गावाचा विचार एका वेगळ्या कारणाने करतो. १९८९ साली, म्हणजे नाशिकचे मुक्त विद्यापीठ निघाले त्याच वर्षी, गावाने पोपटराव पवार या एम. कॉम. झालेल्या तरुणाला सरपंच केले. तोवर गाव दुष्काळाने आणि दारूने पोखरलेले होते, आणि सरकारी नोकराची तेथे बदली म्हणजे शिक्षा समजली जाई. नव्या मंडळींनी आरंभीच जी कामे हाती घेतली, त्यांत शाळा होती. चौथीपर्यंतची शाळा पुढे दहावीपर्यंत गेली. पाणलोटाच्या कामाने पाणी आले, आणि मुंबई-पुण्याला मजुरीसाठी गेलेली कुटुंबे परत आली.

पण या गावाचा सर्वांत शहाणपणाचा नियम आम्हांस विचाराल तर तो बोअरवेलचा. शेतीसाठी खोल बोअर घेण्यास तेथे बंदी आहे. का? बोअर ज्याच्या रानात पडते त्याचा खर्च खाजगी असतो, पण पाणी तो सगळ्यांच्या पोटाखालचे उपसतो. ज्याच्यापाशी पैसा तो अधिक खोल जातो, आणि शेजाऱ्याची विहीर कोरडी पडते. म्हणून पावसाचे माप घ्यावयाचे, ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडावयाचा, आणि त्यावरून पिके ठरवावयाची. पाणी कमी असेल त्या वर्षी सर्वांनी कमी घ्यावयाचे.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत या गावाने आजाराचाही असाच ताळेबंद मांडला. स्वयंसेवकांची पथके केली, घरोघर तपासणी केली, लक्षणे दिसणाऱ्याला लगेच वेगळे ठेवले. आणि मे २०२१ मध्ये गाव करोनामुक्त झाले. त्याची वाखाणणी राज्यभर झाली आणि ‘करोनामुक्त गाव’ ही मोहीम निघाली. पण आम्हांस महत्त्वाचे वाटते ते पुढचे पाऊल. राज्यातील मुले मोबाइलला चिकटून बसलेली असताना, जून २०२१ मध्ये, या गावाने आपली शाळा प्रत्यक्ष भरविण्यास सुरुवात केली. सरकारने करोनामुक्त गावांत आठवी ते बारावीचे वर्ग भरविण्यास मोकळीक दिली ती त्यानंतर, जुलैत.

हे गाव अडाणी नव्हते. मोबाइल तेथेही होते, आणि तेथील दूध-कांद्याला बरे दिवस आल्यामुळे ते विकत घेण्याची ऐपत नगरच्या कंत्राटी कामगारापेक्षा अधिकच असेल. तरीही गावाने ठरविले, की शाळा ही घराघरांत वाटून टाकण्याची वस्तू नव्हे. आमच्या मते हा बोअरवेलचाच नियम त्यांनी शिक्षणाला लावला. असे त्यांनी कोठे म्हटलेले नाही, हा आमचा अर्थ आहे. ज्याच्या घरी चांगला फोन, वेगळी खोली आणि शिकलेली आई, त्याचे बोअर खोल जाते. ज्याच्या घरी यांपैकी काही नाही, त्याच्या पोराला सार्वजनिक विहिरीखेरीज आधार नाही. आणि सार्वजनिक विहीर म्हणजे शाळा.

ऑनलाइनही सार्वजनिक करता येते, हे केरळने दाखविले. १ जून २०२० रोजी तेथे ‘व्हिक्टर्स’ या सरकारी शैक्षणिक वाहिनीवर ‘फर्स्ट बेल’ नावाने तास सुरू झाले. ज्यांच्या घरी दूरचित्रवाणी नव्हती त्यांच्यासाठी ग्रंथालयांत आणि अंगणवाड्यांत संच ठेवण्यात आले. दक्षिण अमेरिकेतील उरुग्वे या छोट्या देशाने तर २००७ पासूनच सरकारी शाळेच्या प्रत्येक मुलाला संगणक देण्यास प्रारंभ केला होता. आपल्याही गावोगावी ग्रंथालये आहेत. करोनात त्यांना कुलूप होते.

आता तो चाळीस टक्क्यांचा आकडा. येथे प्रश्न शिक्षकाच्या भाकरीचा आहे. आपल्या महाविद्यालयांत कित्येक अध्यापक तासिका तत्त्वावर आहेत. जितके तास, तितके पैसे; सुट्टीत काही नाही. हे प्राध्यापक कहाणी सांगू लागले की आम्हांस हमालीची तोलाई आठवते. उद्या सत्रातील चाळीस टक्के अभ्यासक्रम पडद्यावरून होऊ लागला, तर पहिले तास कोणाचे जातील? कायमच्या माणसाचे नव्हे. दुसरे असे, की अध्यापकाने एकदा पाठ चित्रित करून दिला की तो दहा वर्षे चालतो. गिरणीत कापड विकले गेले की पुन्हा विणावे लागते, म्हणून विणकराला काम राहते. येथे एकदा विणलेले कापड हजारदा विकता येते. मग त्या चित्रीकरणावर हक्क कोणाचा? एका तरुण अध्यापकाने आपला करारनामा आमच्याकडे वाचावयास आणला होता. संस्थेचे नाव आम्ही सांगणार नाही. त्यात तासाचा दर होता, पण ध्वनिचित्रित पाठाविषयी एक अक्षर नव्हते. त्याने करोनात साठ पाठ करून दिले होते. पुढच्या वर्षी तास दुसऱ्याला मिळाले, आणि मुलांना पाठ मात्र याचेच पाठविले जात होते. तो संतापला नव्हता. आपला आवाज अजून वर्गात आहे, याचे त्याला थोडे बरेच वाटत होते. आम्हीच संतापलो.

शाळांचेही असेच आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळांचे समूह शाळांत रूपांतर करण्याचे प्रस्ताव मागविण्यात आले. राज्यात अशा शाळा सुमारे १५ हजार. वस्तीवरची शाळा गेली की मूल दूरच्या गावी कसे जाणार, असे विचारले तर बसची सोय करू असे उत्तर येते. आमची भीती अशी, की बस बिघडेल त्या दिवशी पडदा पुढे केला जाईल. आणि पडदा बसपेक्षा स्वस्त.

धंद्याचे काय झाले तेही थोडक्यात सांगू. शिकवणीचे ॲप विकणारी ‘बायजूज’ ही कंपनी २०२२ साली २२ अब्ज डॉलरची समजली जात होती. त्याच वर्षी तिने हजारो नोकरांना घरी पाठविले, आणि २०२४ च्या जुलैत तिच्यावर दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली. शाळा उघडल्याबरोबर मुले शाळेत गेली, हे त्यामागचे एक साधे कारण. कामावरून गेलेली ती तरुण पोरे, ज्यांना दिवसाला ठराविक विक्रीचा आकडा गाठावा लागे, त्यांची कोणी युनियन नव्हती.

एवढे बोलल्यावर कोणी विचारील, की तुम्हांला ऑनलाइन शिक्षण हवे की नको? हवे. विड्या वळणाऱ्या बाईच्या मुलीला आयआयटीच्या प्राध्यापकाचे व्याख्यान फुकट ऐकावयास मिळते, ही आमच्या तरुणपणी स्वप्नात न येणारी गोष्ट आहे. आम्ही स्वतः अर्थशास्त्राची काही व्याख्याने रात्री ऐकतो, न समजलेली पुन्हा ऐकतो. आणि पुन्हा ऐकण्याबद्दल कोणी हसत नाही, हा मोठाच फायदा. पण शाळेच्या जोडीला हवे, शाळेच्या जागी नको; आणि अनिवार्य करावयाचे असेल तर हत्यार आणि जोडणी देणाऱ्याने द्यावी. अध्यापकाच्या करारात चित्रित पाठाचे वेगळे कलम असावे : किती वर्षे वापरणार, कोणत्या मोबदल्यावर, आणि तो कामावरून गेल्यास पाठाचे काय. नगरच्या काही अध्यापकांनी असा मसुदा आमच्याकडून करून नेला आहे. त्यावर अजून कोणत्याही संस्थेने सही केलेली नाही.

कचेरीतले वायफाय आम्ही बंद केलेले नाही. दरमहा वर्गणीचा हिशेब मांडताना ते सभासद अजूनही विचारतात, आणि आम्ही अजूनही ते बिल ‘संकीर्ण’ या सदराखाली टाकतो. करोनात येणारी सहा मुले आता मोठी झाली. त्यांतली दोन संध्याकाळी येतात आणि पोलीस भरतीच्या सराव परीक्षा मोबाइलवर सोडवीत बसतात. एकीचा बाप अजून दुसऱ्या पाळीला जातो. तिचा आता स्वतःचा फोन आहे, हप्त्यावर घेतलेला. त्याचे चार हप्ते राहिले आहेत.